उंटाचं गाव आणि साळिंदराची चित्रं

एका जंगलात, मुलांनो, इतका पाऊस पडायचा की ऊन म्हणजे काय ते तिथल्या पिल्लांना थोरामोठ्यांकडून ऐकावं लागायचं, आणि थोरामोठ्यांनीही ते ऐकलेलंच असायचं. झाडांवर शेवाळ, दगडांवर शेवाळ. फार वेळ एका जागी उभं राहिलं, तर उभं राहणाऱ्यावरही शेवाळ. जंगलाचं नाव विचारू नका. मी सांगितलं तर तुम्ही तिथे सहल काढाल आणि वेफर्सची रिकामी पाकिटं टाकून याल.

या जंगलात एक उंट अडकला होता.

पावसाच्या जंगलात उंट कुठून आला, असं तुम्ही विचाराल. रास्त प्रश्न आहे. त्यालाही तोच पडला होता. त्याचं नाव जेठमल. मेंढपाळांच्या एका तांड्याबरोबर तो आपल्या वाळवंटातून निघाला होता. वाटेत डोंगरात धुकं उतरलं, पुढच्या मेंढीची शेपटी दिसेनाशी झाली, आणि जेठमल चुकून एका खिंडीत शिरला. धुकं विरलं तेव्हा तो या जंगलात होता. तांडा कुठेच नव्हता.

खिंड एकच होती. तिच्यावर कोळसुंद्यांचा पहारा होता. आता हे रानकुत्रे कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आत येणाऱ्याला त्यांनी कधी अडवलं नाही. बाहेर जायला मात्र वाघमहाराजांचा हुकूम लागायचा.

जेठमल दरबारात गेला. महाराज म्हणाले, "बघू."

तो पुन्हा गेला. महाराज म्हणाले, "बघू म्हटलं ना!"

आणखी एकदा गेला तेव्हा महाराज घोरत होते. पहारेकरी म्हणाला, "श्श! महाराज बघतायत."

मग जेठमल खिंडीच्या तोंडाशीच उभा राहू लागला. त्याचे पाय वाळूसाठी घडलेले. चिखलात ते चार दिशांना पळायचे. पोटाला जळवा लागायच्या. कुबडावर शेवाळ चढलं होतं. शिंका तर इतक्या यायच्या की कोळसुंदे त्यावर वेळ ओळखायचे.

त्याला दुसरं काही नको होतं, फक्त घरी जायचं होतं. घरी त्याची आई होती. म्हातारी झाली होती, दिसायला कमी झालं होतं. "लवकर येतो," असं तिला सांगून तो निघाला होता. तो परत येईपर्यंत ती खेजडीच्या झाडाखालून उठणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तुम्हीसुद्धा आईला असंच सांगून बाहेर पडता ना? मग चुळबूळ करू नका आणि ऐका.

त्याच जंगलात साळिंदरराव नावाचे एक चित्रकार राहत. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या नाहीतर शेंद्रीच्या रसात बुडवायचा आणि झाडाच्या सालीवर फराटे मारायचे, ही त्यांची पद्धत. कुंचला कधी संपायचा नाही, म्हणून चित्रंही संपायची नाहीत.

आजवर त्यांनी धबधबे काढले होते. पण त्या जंगलात ज्याच्या त्याच्या बिळाबाहेर एक धबधबा होता. जनावरं यायची, चित्राकडे बघायची, म्हणायची, "आमच्याकडचा याहून मोठा आहे," आणि निघून जायची.

साळिंदररावांच्या मनाला हे फार लागलं. त्यांनी ठरवलं, आता असं काहीतरी काढायचं की जे इथे कुणाच्या बापाने पाहिलेलं नाही. म्हणजे चूक काढायला कुणी येणार नाही. त्यांनी वाळवंट काढायला घेतलं.

वाळवंट त्यांनी स्वतःही पाहिलेलं नव्हतं. हसू नका. न पाहता लिहिणारे, न पाहता बोलणारे आणि न पाहता सही करणारे तुम्हाला पुढे खूप भेटणार आहेत.

तिथे वाळू असते, एवढं त्यांना ऐकून माहीत होतं. वाळू नदीकाठी होती. म्हणून त्यांनी नदीकाठ काढला आणि त्यातली नदी गाळली. खेकडे तसेच राहिले. बगळेही राहिले, कारण बगळे त्यांना चांगले जमायचे. सूर्य त्यांनी ढगाआडूनच पाहिला होता, तो कोहळ्यासारखा फिकट आणि जरा चेपलेला आला. उंटाला त्यांनी रेड्याचे पाय दिले. उंटाच्या पाठीवर उंचवटा असतो असं कुणीतरी म्हणालं होतं, म्हणून पाठीवर एक टेकडी काढली, आणि टेकडी उघडी बरी दिसेना म्हणून तिच्यावर नेचे काढले.

चित्रं गुहेत टांगली. प्रदर्शनाचं नाव ठेवलं 'रेतीचे निःश्वास'.

नाव धनेशपंतांनी सुचवलं होतं. धनेशपंत म्हणजे त्या जंगलातले एकमेव समीक्षक. या धनेश पक्ष्याला देवाने चोचीवर आणखी एक चोच दिली होती. ती उघडली की समोरचा आपोआप गप्प बसायचा.

"या वाळूत," धनेशपंत पहिल्याच चित्रापाशी म्हणाले, "एक ओलावा आहे."

"रंग वाळला नाहीये अजून," साळिंदरराव म्हणाले.

"तेच म्हणतोय मी. हे न वाळणं फार मोलाचं आहे."

सगळं जमून आलं होतं. पण दरबाराचा एक नियम आडवा आला.

त्याचं असं झालं होतं. मागे एका वानराने बर्फाच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. महाराजांनी त्याला शाल दिली, श्रीफळ दिलं, पाठ थोपटली. तेवढ्यात हिमालयाकडून आलेला एक धोबी पक्षी भर सभेत म्हणाला, "पण बर्फ हिरवा नसतो हो!" महाराजांचं हसं झालं. तेव्हा फर्मान निघालं. ज्या मुलखाची चित्रं असतील, त्या मुलखातल्या कुणीतरी सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, "हेच माझं गाव." तरच चित्रकाराला शाल आणि श्रीफळ. असं म्हणणाऱ्या पाहुण्यालाही महाराजांकडे एक मागणं मागता यायचं.

धोबी पक्ष्याचं पुढे काय झालं म्हणता? महाराजांनी त्याला जेवायला बोलावलं होतं. यापलीकडे मला माहीत नाही.

तर वाळवंटातला रहिवासी आणायचा कुठून? साळिंदररावांचे काटे चिंतेने गळू लागले. तेव्हा धनेशपंतांना आठवलं की खिंडीपाशी लांब मानेचं काहीतरी शिंकत उभं असतं.

दोघे तडक तिथे गेले. जाताना काट्यांनी भरलेली करवंदीची फांदी घेऊन गेले.

"उंटसाहेब!" धनेशपंत म्हणाले. "अहो, कुठे कुठे शोधलं आम्ही तुम्हाला!"

जेठमलला नवल वाटलं. तो अख्खा पावसाळा त्याच जागी उभा होता आणि धनेशपंत रोज त्याच्या डोक्यावरून उडत जायचे. कधीकधी नुसते उडत जायचे नाहीत. पण त्याने करवंदीचा काटा दाताखाली धरला आणि त्याच्या तोंडाला कितीतरी दिवसांनी चव आली. काट्यावर वाढलेला जीव तो, मऊ पाल्याला विटला होता.

वाळवंटाची चित्रं काढली आहेत, हे ऐकल्यावर तर त्याचे कान उभेच राहिले.

"म्हणजे तुम्ही वाळवंटात जाऊन आलात? मग वाट माहीत असेल तुम्हाला! कुठून गेलात?"

साळिंदरराव घुटमळले. "वाट म्हणजे... आम्ही आतून गेलो."

"कशाच्या आतून?"

"मनाच्या," धनेशपंतांनी सांगितलं.

मनाच्या आतून खिंड चुकवता येते की नाही, यावर जेठमल विचार करू लागला. तेवढ्यात धनेशपंतांनी त्याला दरबाराचा नियम समजावला. सभेत उभं राहायचं. "हेच माझं गाव" एवढंच म्हणायचं. मग महाराज म्हणतील, माग. मग खिंड उघडायला सांगायचं. त्यांनी धोबी पक्ष्याची हकीकतही सांगितली, अगदी सहज, जाता जाता.

"फक्त तीन शब्द, उंटसाहेब. की निघालात तुम्ही घरी."

जेठमल हरखला. तीन शब्द काय, आई भेटणार असेल तर तो तीनशे बोलला असता. शिवाय गावाची चित्रं बघायला मिळणार होती. पावसातून घसरत, धडपडत तो गुहेकडे निघाला. वाटेत दोनदा पडला, पण उठताना हसत होता.

गुहेत शिरल्यावर त्याचं हसू मावळलं.

पहिल्या चित्रात बगळा होता. दुसऱ्या चित्रात दोन बगळे होते. तिसऱ्याखाली 'तहान' असं लिहिलं होतं, आणि त्यात रेड्याच्या पायांचा एक प्राणी धबधब्याखाली पाणी पीत होता.

"हा कोण?" जेठमलने विचारलं.

"तुम्ही," साळिंदरराव लाजून म्हणाले.

जेठमलने चित्राकडे पाहिलं आणि मग मान वळवून स्वतःच्या पाठीकडे पाहिलं. पाठीवरच्या हिरवळीपुरतं साम्य होतं.

तो एकेक चित्र बघत पुढे गेला. त्याला वाटत होतं, कुठेतरी एखादी ओळखीची खूण निघेल. शेवटी अगदी कोपऱ्यात एक साल टांगली होती. तिच्यावर खाली पिवळसर रंगाचा एक हात फिरवलेला, वर थोडा फिकट हात, आणि मध्ये एक रेघ. बाकी काहीच नव्हतं. कुठवरही काही नव्हतं.

जेठमल जागच्या जागी थांबला.  हेच होतं. असंच होतं अगदी. या रेघेच्या पलीकडून उन्हाची झळ येते आणि त्याच बाजूला आई तोंड करून बसते.

"हे फार सुंदर आहे," तो म्हणाला.

"अरे देवा, ते राहिलंच!" साळिंदररावांनी कपाळावर हात मारला. "अर्धवट आहे हो ते. मध्येच जांभळं संपली." त्यांनी लगबगीने एक काटा उपटला आणि जेठमलच्या डोळ्यांदेखत रेघेच्या खाली एक डबकं काढलं. डबक्यात कमळं काढली. जरा विचार करून एक बगळाही काढला.

"आता कसं भरल्यासारखं वाटतं," धनेशपंत म्हणाले.

जेठमलला रडावंसं वाटलं. तो आयुष्यात खोटं बोलला नव्हता. त्यात त्याचा काही मोठेपणा नव्हता. खोटं बोलायला समोर कुणीतरी असावं लागतं, आणि वाळवंटात मैलोन्‌मैल कुणी नसतं. आता सभा भरणार होती आणि समोर अख्खं जंगल बसणार होतं. त्याने स्वतःची समजूत घातली. तीनच शब्द आहेत. घरी गेल्यावर आईला सगळं सांगून टाकू. ती रागवेल आणि मग पाठ चाटेल.

सभा भरली. दीपप्रज्वलन झालं, म्हणजे वात भिजलेली असल्यामुळे सगळ्यांनी ती पेटली असं समजून टाळ्या वाजवल्या. धनेशपंत बोलले. बोलतच राहिले. रेती ही बाहेर नसून आपल्या आत असते, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा दोनतीन सशांनी घाबरून पोटाला हात लावून पाहिला. वाघमहाराज चित्रांवरून डोळे फिरवत गंभीर बसले होते. त्यांना काही कळत नव्हतं आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नव्हतं. राजाला हे काम शिकारीपेक्षा अवघड जातं.

मग जेठमलला पुढे बोलावलं.

"हेच..." तो म्हणाला आणि अडखळला. समोर बगळे होते, खेकडे होते, टेकडीवर नेचे घेऊन फिरणारा उंट होता. पुढचा शब्द फुटेना. धनेशपंतांनी मागून चोच आपटली.

जेठमलने डोळे मिटून घेतले. मिटल्याबरोबर त्याला आई दिसली. खेजडीखाली बसलेली, दिसत नसतानाही वाटेकडे बघणारी.

"हेच माझं गाव!" तो म्हणाला आणि त्याला हुंदका फुटला. उंट रडतो तेव्हा थोडक्यात रडत नाही. मान लांब असल्यामुळे हुंदका वर यायलाही वेळ लागतो.

सभा गहिवरली. हरणी डोळे पुसू लागल्या. रानडुकरांनी खाणं थांबवलं. वाघमहाराजांनासुद्धा भरून आलं. आपल्याला न कळलेली चित्रं खरोखरच थोर आहेत, हे कळून त्यांचा जीव भांड्यात पडला होता. त्यांनी तिथल्या तिथे साळिंदररावांना शाल पांघरली. काट्यांनी ती लगेच फाटली, पण कुणी तिकडे लक्ष दिलं नाही.

"माग," महाराज जेठमलला म्हणाले. "काय हवं ते माग."

"मला माझ्या घरी जाऊ द्या, महाराज. एवढंच."

महाराज उठले. जेठमलच्या खांद्यावर पंजा ठेवायला गेले, पण खांदा फार वर होता, म्हणून गुडघ्यावर ठेवला.

"वेडा रे वेडा! जाऊ द्या काय म्हणतोस? पोचलास की! आत्ताच म्हणालास ना, हेच माझं गाव? तू घरासाठी तळमळत होतास आणि आमच्या साळिंदररावांनी तुझं घर उचलून इथे आणलं. जा, दिलं! ही गुहा आजपासून तुझी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जेठमलला आधी वाटलं की आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"महाराज, तसं नाही. ही नुसती चित्रं आहेत. माझं खरं गाव तिकडे, खिंडीपलीकडे—"

टाळ्या थांबल्या.

"म्हणजे हे तुझं गाव नव्हे?" महाराजांनी अगदी हळू विचारलं. ते हळू बोलले की त्यांचे दात नीट दिसायचे. "मग भर सभेत तू आमच्याशी खोटं बोललास?"

जेठमलला धोबी पक्षी आठवला. आई आठवली. मेलेला मुलगा कधीच घरी येत नाही, अडकलेला निदान कधीतरी येईल, एवढं त्याला समजत होतं.

"हेच... माझं गाव," तो पुटपुटला.

"आनंदाने भांबावलाय," धनेशपंतांनी सभेला समजावून सांगितलं.

त्या दिवसापासून जेठमल गुहेत राहू लागला. दाराबाहेर पाटी लागली, 'राहत्या घरी उंट'. लांबलांबून जनावरं यायची. आया पिल्लांना दाखवायच्या, "बघ, बघ, स्वतःच्या घरी असलं की कसं शांत वाटतं."  गुहेचं छत गळत होतं. जेठमल उजवीकडे सरकला की पाणी उजवीकडे गळायचं.

गोष्ट इथे संपली असती तर मीही तुम्हाला 'खोटं बोलू नये' असं सांगून झोपायला पाठवलं असतं. पण थांबा.

साळिंदररावांचं नाव झालं होतं. आता त्यांनी समुद्र काढायला घेतला. समुद्र म्हणजे मोठं तळं असं कुणीतरी म्हणालं होतं, तेव्हा कमळं आलीच. बगळेही आले. आता समुद्रातला कुणीतरी हवा होता. नेमकी त्याच सुमारास पुराच्या लोंढ्यात वाट चुकलेली एक समुद्री कासवीण खाडीतून नदीत आणि नदीतून वर जंगलात येऊन पडली होती. तिला अंडी घालायला किनाऱ्यावर परत जायचं होतं. दिवस भरत आले होते. नदीचा खाली जाणारा उतारही कोळसुंद्यांच्याच पहाऱ्यात होता.

सभेआधी तिला जेठमलच्याच गुहेत आणून ठेवलं.

"दादा, काय म्हणू मी?" तिने विचारलं. "ते म्हणतात, तीन शब्द बोल की निघालीस घरी."

जेठमलला तिची फार दया आली. "बाई, मी खोटं बोललो म्हणून इथे अडकलो," तो म्हणाला. "तू तसं करू नकोस. जे असेल ते खरं सांग. मग त्यांना तुला ठेवायला कारणच उरणार नाही."

कासवीण धीराची होती. सभेत तिने मान कवचातून पुरी बाहेर काढली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "हे माझं गाव नाही. समुद्रात कमळं नसतात."

 साळिंदररावांचे सगळे काटे एकदम उभे राहिले.  महाराजांनी हळूहळू धनेशपंतांकडे मान वळवली.

धनेशपंत उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी होतं.

"महाराज, पुराच्या तडाख्याने बिचारीचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही. समोर स्वतःचं गाव आहे आणि हिला ओळखता येत नाही! साळिंदररावांच्या कलेने आज मला हे दुःखही दाखवलं."

"अरेरे," महाराज कळवळून म्हणाले. "स्वतःचं गाव ओळखता येत नाही, तिला वाटेवर एकटी कशी सोडायची? चुकेल कुठेतरी. राहू दे इथेच. रोज चित्रं बघत जाईल, आठवेल हळूहळू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. साळिंदररावांना दुसरी शाल मिळाली.

कासविणीला पुन्हा गुहेत आणून सोडलं. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"दादा," ती म्हणाली, "तू तर म्हणाला होतास, खरं सांग."

 छताचं पाणी गुहेत जिथे साचायचं, ती जागा जेठमलने तिला दिली आणि तो पलीकडे जाऊन उभा राहिला.

तात्पर्य : खोटं बोललं तर घरी जाता येत नाही आणि खरं बोललं तरी जाता येत नाही. म्हणून मुलांनो, कुणी चित्रांच्या प्रदर्शनाला बोलावलं तर दाराजवळ उभं राहावं, चहा घ्यावा, "रंगसंगती छान आहे" म्हणावं, आणि तुम्ही कुठले असं कुणी विचारलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवावं.